चार फ्रेमचा हरेश

३ फेब्रुवारी, सोमवार

शर्टाचा रंग बदलला. निळ्याचा विटकरी केला. तलवार पुसली. तलवार होती तिथं आता नुसती मूठ राहिली आहे — कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी.

फुकटचं पॅक आहे, नेटवरून उतरवलेलं. गेममधली ठिपक्या-ठिपक्यांची माणसं असतात त्यांना स्प्राइट म्हणतात, हे मला दिवाळीत कळलं. यात एक पोरगा आहे, चार फ्रेमचा. चारही फ्रेम एकामागून एक दाखवल्या की तो चालतो. त्यालाच खोडून, रंगवून हरेश करायचा असं ठरवलंय. दुपारी दुकानाचे मालक नितीनदादा जेवायला घरी जातात, फॉर्म भरायला कुणी येत नाही, झेरॉक्सचं मशीन गार होत असतं. तेवढ्या वेळात करते.

का करते ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच पटायचं नाही. डिसेंबरात घरी जाताना एसटीत हरेशचा चेहरा आठवायला गेले आणि आधार कार्डावरचा फोटो आला. दुसरं काहीच आलं नाही. धाकटा भाऊ माझा. एका ताटात जेवलेला. आणि आठवलं काय, तर आधार कार्ड! भादव्यात गेला तो. भिवंडीला बिल्डिंगच्या कामावर, परांचीवरून पडून. चेहरा गेला, आता चाल जाईल. ती जायच्या आत कुठंतरी ठेवायची आहे.

रडू येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं. बायका माझ्याकडे बघत होत्या.

५ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर आधार अपडेटवाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

पॅकमध्ये कातडीचे रंग दिलेत. सगळे बघितले. एक दुधासारखा, एक गव्हासारखा, एकदम शेवटचा कोळशासारखा. मधला कुणी नाहीच जगात. शेवटी स्वतःचं मनगट स्क्रीनला लावून रंग जुळवला. तेवढ्यात नितीनदादा आले. "काय गं, कॉम्प्युटरला राखी बांधतेस का?"

मग बघत उभे राहिले. म्हणाले, "हे काय ठिपके लावत बसलीस? आपली वारली काढ की. शिरपामाळ बघायला येणारे पर्यटक घेतील तरी." चांगल्या मनानं म्हणाले. पण त्रिकोणाचं माणूस सगळ्यांचंच असतं. मला एकाचंच हवंय. हे त्यांना सांगितलं नाही. "बरं" म्हटलं.

व्हिडिओत शिकवणारा म्हणतो, नवख्यानं आधी दुसऱ्याच्या स्प्राइटवर हात फिरवावा, रंग बदलावे, मग टोपी, मग हात-पाय, आणि मग स्वतःचं काढावं. दुसरी एक बाई आहे, ती म्हणते, असं केलंत तर जन्मभर दुसऱ्याचीच माणसं रंगवाल, पहिल्या दिवसापासून कोऱ्या चौकटीत बसा. दोघांचे खूप बघणारे आहेत. दोघांचंही खरं असेल. मला कुठं जन्मभर करायचंय?

९ फेब्रुवारी, रविवार

योगिताला दाखवला. आम्ही एका खोलीत राहतो, ती डहाणूची, नर्सिंगला आहे. ती एकदाच भेटली होती हरेशला, माझा डबा द्यायला आला होता तेव्हा. म्हणाली, "हा तर हिरो आहे गं. त्याचे एवढे खांदे कुठं होते?"

खरंय. खांदे कमी केले. मग डोकं मोठं दिसायला लागलं. डोकं बारीक केलं तर हात गुडघ्याला लागले. आणि जे काही एका फ्रेममध्ये करायचं ते चारही फ्रेममध्ये करायचं! एका फ्रेममध्ये विसरले, तर चालता-चालता त्याचा खांदा मध्येच उडायला लागला. योगिता हसली. मीपण हसले. हसता येतं.

१२ फेब्रुवारी

कोरी फाइल उघडली. बत्तीस बाय बत्तीसची चौकट. त्या बाईचं ऐकून.

एक ठिपका दिला. मधोमध. बघत बसले. पुसला.

म्हणे डोक्यापासून सुरू करा. डोकंच तर आठवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आले. खोडाळ्याला उतरून पाड्यापर्यंत चढ आहे, चालत आले. आई ओट्यावर नागली पाखडत होती. मोबाइल तिच्यापुढं धरला. विटकरी शर्टवाला चालत होता.

"कोन हा?"

"हरेश," मी म्हटलं.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "पानी भरायचा हाय. जा." बस्स. नाव घेतलं नाही. भादव्यापासून तिनं हरेशचं नाव घेतलेलं नाही. "तो" म्हणत नाही, "पोर" म्हणत नाही. त्याच्याबद्दल बोलणं आलं की उठून काहीतरी काम काढते.

त्याला आणला तो बांधून आणला. सोबत आलेले म्हणाले, "उघडू नका, बघण्यासारखं नाही." चार माणसं आईला धरून होती. तोंड न बघताच न्यावं लागलं. आई फक्त एकदाच बोलली तेव्हा — "माना तोंड दाखवला नाय." मग कधीच नाही.

पाणी भरलं. हंडा उतरवताना काही वाटलं नाही. खांदा दुखला, एवढंच.

२१ फेब्रुवारी

ग्रुपवर टाकला. ठिपक्यांची चित्रं काढणारे कुठले-कुठले लोक आहेत त्या ग्रुपवर, हिंदी-इंग्रजीत बोलतात. मी लिहिलं, हे माझं पहिलं कॅरेक्टर.

पाच मिनिटांत एकानं पॅकचं नावच टाकलं. मूळ पोरगा आणि माझा हरेश शेजारी-शेजारी लावून दाखवले. पाय ठिपका न् ठिपका तेच. "रंग बदलला म्हणजे आपलं झालं का? एडिट म्हण. बनवलं म्हणू नको." खाली हसण्याची तोंडं.

राग यायला हवा होता. लाज तरी. काहीच नाही. "हो, पाय त्याचेच आहेत" असं लिहिलं. मग एक जण जरा बऱ्या शब्दांत बोलला. एडिट करण्यात वाईट काही नाही, सगळे तसेच शिकतात म्हणाला. पण पाय दुसऱ्याचे ठेवलेस तर चालही दुसऱ्याचीच राहणार.

हे मात्र डोक्यात बसलं. तो तलवारवाला चालत होता, इतके दिवस. हरेशचा शर्ट घालून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हरेशचा चालतानाचा व्हिडिओ एकच आहे. बोहाड्यातला. मागच्या उन्हाळ्यात मीच काढलेला. आज सापडला!

योगिताला बोहाडा काय ते सांगावं लागलं. देवादिकांचे मुखवटे घालून गावातली माणसं सांबळाच्या तालावर नाचत मांडवात येतात. मुखवटा चढवला की ते सोंग. कुठल्या घरानं कुठलं सोंग घ्यायचं ते ठरलेलं असतं. आमच्याकडे नरसिंह. आधी आजोबा, मग बाबा. बाबा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी अंगणात हरेशला उभं केलं आणि शिकवलं. मुखवटा जुनाच, नवा कुणी करत नाही. दरवर्षी त्यावर रंगाचा एक हात द्यायचा. हरेश जीभ बाहेर काढून रंगवत बसायचा.

योगिता म्हणाली, "पण यात त्याचं तोंड कुठं दिसतंय?" तोंड नकोच आहे मला. चाल हवी आहे.

आता व्हिडिओ थांबवायचा, ते चित्र खाली पसरायचं आणि त्याच्यावर ठिपके लावत जायचे. पॅक नाही, कुणाचे पाय नाहीत. थेट हरेशचे.

२८ फेब्रुवारी

पहिली फ्रेम. मान अवघडली.

४ मार्च

चालला!

दुकानात एक आजोबा रेशन कार्डाचं काम घेऊन उभे होते, त्यांनाच दाखवला. "बरा चालतो," म्हणाले. आनंद झाला असं लिहायला हरकत नाही. म्हणजे छातीत काहीतरी हललं, एवढं खरं.

आणि एक गोष्ट कळली — एवढ्याशा माणसाला तोंड लागतच नाही. डोळ्यांचे दोन ठिपके, केसांची एक काळी रेघ. मी उगाच घाबरत होते.

९ मार्च, रविवार

आईला दाखवला. या वेळी तिनं मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, झालं आपलं काम.

म्हणाली, "हा हरेश नाय."

"आये, व्हिडिओवरून काढलाय. त्याचेच पाय आहेत."

"सोंग हाय हा. सोंग चढला का मानूस ऱ्हात नाय. पाय तुझ्या बाचे हायेत ते. बानं तेच्या बाचे घेतले. हरेश असा चालायचा का कवा?"

हे मला माहीत नव्हतं का? पाड्यावरच्या लहान पोरीला विचारलं तरी सांगेल. सोंगाची चाल ही सोंगाची असते. एक पाय दाबून टाकायचा, थांबायचं, कमरेतून डुलायचं, मग दुसरा. घरात चालत आलेली. तीच तर बाबांनी अंगणात शिकवली, आणि हरेश आपल्या पायांनी चालला की बाबा काठीनं घोट्यावर टकटक करायचे. मी दाराशी बसून हसायचे! आणि तेच सगळं विसरून इतके दिवस आजोबांची चाल ठिपक्या-ठिपक्यानं उतरवत बसले. पॅकमधल्या पोराचे पाय काढले आणि आजोबांचे लावले. पुन्हा एडिटच की!

फाइल ठेवली आहे. पुसवली नाही.

१० मार्च

आईनं नाव घेतलं. काल लक्षातच आलं नाही. एसटीत आलं.

१४ मार्च, शुक्रवार

होळीसाठी आले आहे. काल होळी झाली. सकाळी मी भांडी घासत होते, तर आई मागं येऊन उभी. "तो चालवलास तो कुठं हाय?"

"तो हरेश नाही म्हणालीस ना. ठेवून दिला."

"तेच्या चपला टाचंला झिजायच्या," ती म्हणाली. अशी म्हणाली की जसं आमचं बोलणं आधीपासून चालूच होतं. "घासत चालायचा. आन पँट कवा कमरंवर ऱ्हायली तेची?"

पँट! हरेश कायम एक नंबर मोठी पँट घ्यायचा. म्हणायचा, वाढलो तर पुन्हा घ्यायला नको. वाढला नाही कधीच. पट्टा त्याला टोचायचा. मग चार पावलं टाकली की डाव्या हातानं पँट वर. चार पावलं, पँट वर. मी हे विसरले होते. पूर्ण विसरले होते.

"उजव्या खांद्यावर पिशवी," मी म्हटलं.

"तेनं तो खांदा खाली," आई म्हणाली. मग म्हणाली, "थांब." पदर खोचला आणि अंगणाच्या टोकाला गेली.

आणि चालली. माझी आई. पायाचे चवडे बाहेर टाकत, टाचा घासत, एक खांदा पाडून, मान खाली. मध्येच डाव्या हातानं नसलेली पँट वर ओढली. दाराशी आल्यावर मान वर केली — तोही तसाच करायचा, फाट्यावरून सगळा चढ खाली बघत यायचा आणि दाराशी आला की एकदम वर बघायचा. आई पुन्हा टोकाला गेली. पुन्हा आली.

कुडाच्या पलीकडून रखमीकाकू जात होती. "काय गो, हरेशासारखी काय चालते?" म्हणाली. आणि लगेच तोंडावर हात ठेवला तिनं.

आई थांबली. मला वाटलं आता आत जाईल, काम काढेल. तर म्हणाली, "वळखलास ना?"

मोबाइल माझ्या शेजारीच होता. व्हिडिओ काढला नाही. काढावा असं वाटलंही नाही. आई ओट्यावर बसली, धापा टाकत. म्हणाली, तो असा आला की लगेच बोलायला लागायचा. भिवंडीचं, गाडीचं, कुणी किती पैसे बुडवले त्याचं. ती म्हणायची, "पयला पानी पी. मंग सांग." ऐकायचा नाही. तांब्या हातात देईपर्यंत बोलतच राहायचा. आणि ओट्याच्या मेढीला, त्या लाकडी खांबाला, पाठ लावून उकिडवाच बसायचा. चटई दिली तरी.

हे सगळं ती बोलली. मी ऐकलं. मला काही झालं नाही. माझ्या हातांना भांड्याची राख तशीच होती.

१७ मार्च, सोमवार

कोरी चौकट. डोक्यापासून नाही, पायापासून सुरू केलं. चपलेच्या टाचेपासून. असं कुणी शिकवत नाही. पण तिथूनच माहीत आहे मला.

१९ मार्च

कोंबडी दिसते.

२२ मार्च

अजून कोंबडीच. पण कोंबडीनं पँट वर ओढली!

तिसऱ्या फ्रेममध्ये हात कमरेला जातो. हे कुठल्याच पॅकमध्ये नसणार. गुडघे जमत नाहीत. पॅकमधल्याचे गुडघे किती सुबक होते, आता कळतंय — त्याला नावं ठेवली मी उगाच. आत जाऊन त्याचे गुडघे बघून आले. उचलले नाहीत. कसा वाकवलाय तेवढं बघितलं. एवढे दिवस त्याच्यावर खाडाखोड केली ती तशी वाया नाही गेली. कुठला ठिपका हलवला की काय मोडतं ते त्यानंच शिकवलं.

योगितानं वाकून बघितलं. "हा नीट नाही दिसत गं. पण हा त्या पॅकमधला नाही." चांगलं म्हणाली की वाईट, विचारलं नाही.

२६ मार्च

खांदा झाला. पिशवी झाली. पिशवीला काय रंग होता ते आठवेना. मग आठवलं, खताच्या गोणीची शिवलेली होती, पांढरी. दुपारभर त्या पांढऱ्यावर गेली. पांढरं पांढरं ठेवलं की भोक पडल्यासारखं दिसतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. घरी.

आईनं बघितला. मी विचारलं, "आये, नीट आहे का?" तर मोबाइल दिलाच नाही परत. मेढीला टेकवून ठेवला आणि समोर बसून तांदूळ निवडायला लागली. तो डावीकडून यायचा, घासत, पँट ओढत, उजवीकडे जायचा, दिसेनासा व्हायचा. पुन्हा डावीकडून. आई खडा काढायची, वर बघायची. खडा काढायची, वर बघायची.

माझा जुना मोबाइल, कोपरा फुटलेला, त्यात टाकून दिला. सुरू कसा करायचा ते शिकवलं. ग्रुपवर टाकलेला नाही. टाकणार नाही.

मला आता त्याचा चेहरा आठवतो का? बघितलं आठवून. नाही. पण आधार कार्डही नाही आलं.

६ एप्रिल, रविवार

आईचं काहीतरी बिनसलं आहे. आल्या-आल्या बघितलं, मोबाइल मेढीशी होता, तो चालत होता, आणि आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"काय झालं? बंद पडतो का?"

"बंद कुठं पडतो? हाच तर चालतो." रागानं म्हणाली. "तू गेलीस तवापासून चालतो हा. सकाळी उठावा तर चालतो. निजावा तर चालतो. कवा पोचंल गो? पार कडंला जातो आन फिरून पयल्यापासून. काय केलास तू हा? बसव ना तेला कुठं तरी. दमला असंल."

मी म्हटलं, "आये, तो लूप आहे. तसाच असतो तो. बसायची फ्रेम मी काढलेलीच नाही."

"मंग काढ."

पॅकमध्येही नाही. शोधून बघितलं. तलवारवाला पोरगा चालतो, उडी मारतो, मार खातो, मरतो. मरायच्या सहा फ्रेम आहेत त्याच्या. बसायची एकही नाही.

९ एप्रिल

उकिडवं बसलेलं माणूस ठिपक्यात कसं काढतात ते कुणीच दाखवलेलं नाही. खुर्चीवरचे आहेत. योगिताला खोलीत भिंतीशी उकिडवी बसवली. तिला धड बसता येईना, पडली. मग मीच बसले आरशासमोर. पाठ टेकवून. आमच्या सगळ्यांच्या बसण्यात तो आहे.

१३ एप्रिल, रविवार

लूप काढून टाकला. डावीकडून येतो, दाराशी वर बघतो, पिशवी उतरवतो, बसतो. पुढं काही होत नाही. बसलेलाच राहतो.

आई बघत राहिली. तो उठत नाही, याची खात्री होईपर्यंत. मग आत गेली, तांब्या भरून आणला आणि मोबाइलपुढं ठेवला.

"पयला पानी पी," म्हणाली. "मंग सांग."

मला रडू फुटलं. आवरेना.